हाताची फाइल

प्रोग्रामरने टेबलाखाली वाकून जुन्या संगणकावरचं फडकं ओढलं, तशी प्लास्टरची पांढरी धूळ त्याच्या नाकात गेली आणि तो सलग चार वेळा शिंकला. ताईने कामाच्या बाकावरून पाण्याचा ग्लास पुढे केला. तिच्या हातांना कोपरापर्यंत प्लास्टर लागलेलं होतं.

"हा अजून चालतो का?" त्याने विचारलं.

"चालतो. उठायला वेळ घेतो, आमच्या सासऱ्यांसारखा."

कार्यशाळा कृत्रिम पायांची होती. भिंतीलगतच्या फळ्यांवर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे साचे ओळीने उभे होते, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर घातलेला. येणाऱ्या माणसाच्या उरलेल्या पायाची मापं ताई टेपने घ्यायची, ती संगणकात भरायची, आणि संगणक साचा केवढा घ्यायचा ते छापून द्यायचा. त्यासाठीचा प्रोग्राम इथल्याच जुन्या मास्तरांनी लिहिला होता. मास्तर चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्यानंतर मापं घेणारी ताई एकटीच.

प्रोग्रामर इथे पहिल्यांदा आला त्याला तीन आठवडे झाले होते. कार्यशाळेने नवा संगणक घेतला होता आणि त्यावर प्रोग्राम 'फाइल सापडत नाही' एवढं म्हणून बंद पडत होता. ते कोडं तासाभरात सुटलं होतं. प्रोग्राम सुरू झाला की आधी सिस्टिमला विचारायचा, आत्ता बसलेल्या माणसाचा फोल्डर कुठे आहे? सिस्टिम जी वाट सांगेल त्या वाटेने जाऊन तो आपले तक्ते उघडायचा. नव्या संगणकावर ताईच्या नावाचं नवं खातं होतं, त्यामुळे वाट नव्या घराकडे जात होती आणि ते घर रिकामं होतं. त्याने जुन्या संगणकातला फोल्डर जसाच्या तसा उचलून तिथे ठेवला. प्रोग्राम चालू झाला, ताईने चहा दिला, विषय संपला.

पण विषय संपला नव्हता. नव्या संगणकावरच्या मापाने केलेला पहिला पाय एका रंगाऱ्याचा होता. शिडीच्या चौथ्या पायरीवर तो पाय त्याच्या मांडीवरून घसरला. रंगारी शिडीला घट्ट धरून राहिला म्हणून वाचला. दुसरा पाय एका शिक्षिकेचा होता. तोही सैल झाला. ताईने दोन्ही पाय बाजूला ठेवले आणि प्रोग्रामरला फोन केला. तिचं म्हणणं साधं होतं, नवा संगणक सैल मापं देतोय.

प्रोग्रामरला हे पटत नव्हतं. तोच प्रोग्राम, तेच तक्ते. यंत्र बदललं म्हणून बेरीज बदलत नाही. त्याने दोन्ही संगणक शेजारी शेजारी मांडले आणि रंगाऱ्याची मापं दोन्हीकडे भरली. निघालेले कागद त्याने खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. मांडीच्या मुळाशी चार मिलिमीटरचा फरक होता. त्याखाली चार. टोकाशीही चारच.

त्याने कागद पुन्हा एकदा जुळवून पाहिले. गणित बिघडलं असतं तर कुठे दोन, कुठे सात निघाले असते. सगळीकडे चारच याचा अर्थ जुन्या संगणकावर कुणीतरी ते मुद्दाम वजा करत होतं.

प्रोग्राम कोणकोणत्या फाइली उघडतो आणि सिस्टिमला काय काय विचारतो, ते टिपणारं एक लहानसं साधन त्याच्याजवळ होतं. त्याने ते दोन्हीकडे लावलं. नव्या संगणकावर यादी छोटी निघाली. प्रोग्रामने फोल्डर विचारला, तक्ते उघडले, मग बसलेल्या माणसाचं नाव विचारलं आणि कागद छापला. जुन्या संगणकावर सगळं तसंच, फक्त नाव विचारल्यावर एक ओळ जास्त. तिथे प्रोग्राम 'हात' नावाची एक फाइल उघडत होता. फाइलमध्ये एकच आकडा होता, वजा चार.

गंमत अशी की ती फाइल नव्या संगणकावरही होती. त्यानेच तर अख्खा फोल्डर आणून ठेवला होता. पण तिथे प्रोग्राम तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

"जुन्या संगणकावर खातं कुणाच्या नावाचं आहे?" त्याने विचारलं.

ताईने खांदे उडवले. बटण दाबलं की तो आपोआप सुरू व्हायचा. नाव कधी कुणी पाहिलंच नव्हतं. प्रोग्रामरने पाहिलं. खातं मास्तरांच्या नावाचं होतं. त्याने नव्या संगणकावर त्याच नावाचं एक खातं उघडून तिथे फोल्डर ठेवला, रंगाऱ्याची मापं पुन्हा भरली. चार मिलिमीटर मुकाट्याने वजा झाले.

ताईने सुटकेचा श्वास सोडला. आता असंच राहू द्या, म्हणाली. खातं कुणाच्याही नावाचं असो, पाय बसला म्हणजे झालं. पाच मिनिटांचं काम होतं. प्रोग्रामरने बॅग आवरायला घेतली आणि अर्ध्यात थांबला.

"हे चुकून झालेलं नाही, ताई. मास्तर बसले असतील तरच वजा कर, नाहीतर हात लावू नकोस, असं त्यांनी बसून लिहिलंय. का लिहिलं असेल?"

मास्तरांच्या हाताखाली ताई दोन वर्षं होती, पण त्या दोन वर्षांत तिने फक्त प्लास्टर कालवलं आणि साचे घासले. टेप मास्तर कुणाच्या हाती देत नसत. मास्तर राहायचे दोन गल्ल्या पलीकडे, मुलीकडे. तिने नळाखाली हात धुतले, दाराला कडी लावली आणि दोघे निघाले.

मास्तर गॅलरीत बसून नातीच्या छत्रीची काडी तारेने बांधत होते. ताईला पाहून त्यांनी मुलीला हाक मारून दोन खुर्च्या मागवल्या. प्रोग्रामरने सगळं पहिल्यापासून सांगितलं. मास्तरांनी मध्ये एकदाच अडवलं, शिडीवरून घसरला त्या माणसाला कुठे लागलं का, हे विचारायला. लागलं नाही म्हटल्यावर त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली.

"तुम्ही यादी काढलीत म्हणून सापडलं," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, माझ्याबरोबर जाईल ते."

मग त्यांनी उजवा हात पुढे धरला. तर्जनी आणि मधल्या बोटाची टोकं गुळगुळीत होती, त्यांवर रेषाच नव्हत्या. पुष्कळ वर्षांपूर्वी भट्टीतून काढलेला गरम प्लास्टिकचा पत्रा त्या बोटांवर पडला होता. जखम भरली, पण बोटांना पुढे काही कळेनासं झालं. टेप किती ताणली गेली हे सांगणारी बोटं तीच. मास्तरांच्या हातून टेप सैल धरली जायला लागली आणि प्रत्येक माप चार मिलिमीटर जास्त यायला लागलं.

"नेहमी चारच. हात तसा प्रामाणिक होता, चूकसुद्धा एकसारखी करायचा. पण सांगू कुणाला? नाचता येईना अंगण वाकडं म्हणाले असते. काम गेलं असतं. मग पुस्तकं आणून प्रोग्राम लिहायला शिकलो."

"पण नाव कशाला विचारलंत?"

मास्तरांना हा प्रश्न विचित्र वाटलेला दिसला. "उद्या दुसरं कुणी मापायला बसेल. त्याचा हात चांगला असेल. माझा दोष त्याच्या मापातून का वजा व्हावा?"

प्रोग्रामरने ताईकडे पाहिलं. ती गॅलरीच्या कठड्याकडे बघत होती, आणि तिचा अंगठा नकळत दोन बोटांवरून फिरत होता, टेप ओढताना फिरतो तसा. तिच्या ध्यानात सगळं आलेलं होतं. सांगायचं होतं ते तिनेच सांगितलं.

"मास्तर, ते खातं कुणी बदललंच नाही. चार वर्षं मी तुमच्याच नावावर मापं भरली."

मास्तरांनी मांडीवरची छत्री उचलून खाली ठेवली.

"पहिल्या वर्षी सगळ्यांचे पाय घट्ट व्हायचे. मला वाटलं, माझाच हात ओढतो. म्हणून मी टेप सैल धरायला शिकले. आता ते अंगवळणी पडलंय."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्तरांची मुलगी चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. नव्या संगणकाचं काहीच चुकलेलं नव्हतं. तो पहिल्यांदाच ताईची मापं ताईची म्हणून घेत होता, आणि तोवर ताईचा हात मास्तरांच्या हातासारखा झाला होता.

"किती जणांना घट्ट झाले?" मास्तरांनी विचारलं.

"तेरा. सगळ्यांचे पुन्हा केले मी."

"जखमा?"

"दोघांना झाल्या होत्या. भरल्या."

त्यांनी त्या दोघांची नावं विचारून घेतली, कुठे राहतात तेही. मग खुर्ची पुढे ओढून ताईचा उजवा हात स्वतःच्या डाव्या हातात घेतला आणि तिच्या बोटांची टोकं एकेक करून नखाने दाबून पाहिली, लहान मुलाला काटा लागलाय का ते पाहावं तशी.

"कळतंय?"

"कळतंय."

"इथे?"

"हो, मास्तर. सगळीकडे कळतंय."

त्यांनी मान हलवली, पण हात लगेच सोडला नाही. "चोर सोडून संन्याशाला फाशी," ते हळू आवाजात म्हणाले. निघताना त्यांनी प्रोग्रामरला मूळ लिखाण जुन्या संगणकात कुठे ठेवलंय ते सांगितलं आणि त्यात काय वाटेल ते बदला म्हणाले.

कार्यशाळेत परतल्यावर ताईने घेर माहीत असलेला एक साचा फळीवरून उतरवला आणि डोळे मिटून तो दहा वेळा मापला. प्रोग्रामर आकडे लिहीत गेला. कधी तीन जास्त यायचे, कधी पाच, बहुतेक वेळा चार. तिने कागद पाहिला आणि थोडा वेळ टेप बोटांभोवती गुंडाळत बसली. हात सुधारायला दिवस लागणार होते. रंगारी गुरुवारी येणार होता.

"माझ्या नावापुढे चार लिहा," ती म्हणाली. "आणि तो आकडा मला स्वतःला कसा बदलता येईल ते दाखवा."

त्याने दाखवलं. आणखी एक गोष्ट तिने मागून घेतली. हा आकडा गुपचूप वजा व्हायला नको होता. मापाच्या प्रत्येक कागदावर तो वरच्या बाजूला छापून यायला हवा होता. प्रोग्रामरने विचारलं, येणारी माणसं वाचतील, चालेल का? तिने चालेल म्हटलं, पण म्हणताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

गुरुवारी प्रोग्रामर छपाई नीट होते का ते बघायला थांबला होता. रंगारी आला, स्टुलावर बसला, पँट मांडीपर्यंत गुंडाळली. ताईने मापं घेतली, भरली, कागद निघाला. तो तिने उचलायच्या आत रंगाऱ्याने उचलला. मापं वाचायची त्याला धंद्याचीच सवय होती.

"हे 'हात, वजा चार' म्हणजे काय?"

ताईने ओठांवरून जीभ फिरवली. "माझा हात सैल आहे. मापात चार मिलिमीटर जास्त घेतो. म्हणून मागचा पाय घसरला. आता तेवढे कापलेत, आणि हात सुधारायचं चाललंय."

प्रोग्रामर उगाचच तारा नीट करू लागला. रंगाऱ्याने कागदाची घडी घातली, ती उलगडली, आणि बाकावर ठेवली.

"आमच्यातही नव्या माणसाचा ब्रश आधी जड चालतो," तो म्हणाला. "एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा हात मारायला लावतो आम्ही त्याला." आणि गुंडाळलेली पँट त्याने आणखी थोडी वर सरकवली. "मापा परत. मला आज कुठे जायचं नाही."

ताई खाली बसली. तिने टेप मांडीभोवती फिरवली, ओढली, थांबली, आणि आणखी किंचित ओढली.