आचाऱ्याची जीभ

कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या आचाऱ्याने तेवीस वर्षांत मीठ कधी मोजलं नव्हतं. रश्शाचा थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, की मूठ आपोआप उघडायची. चारशे माणसं जेवून जायची, कुणी नावं ठेवायचं नाही.

पण त्या आठवड्यात तीनदा ताटं अर्धी परत आली.

मॅनेजर म्हणाला, "आजाऱ्यांचं जेवण करताय काय हो? आणखी एक तक्रार आली, तर उद्यापासून भाज्या चिरायला बसा."

दोन महिन्यांपूर्वी आचाऱ्याचा रक्तदाब वाढला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं : मीठ निम्मं, रोज अर्धा तास चालणं, वेळेवर झोप. बायकोने मिठाचं भांडं वरच्या फळीवर चढवलं. आकडा उतरलाही. पण आता आपली जीभ मेली, असं त्याच्या मनाने घेतलं. जीभ गेल्यावर आचाऱ्याजवळ उरतं काय?

मग तो चोरून मीठ चाटू लागला. जिभेला धार लावतोय, असं स्वतःलाच सांगायचा. काळजीने झोप उडाली, चालणं सुटलं. चार दिवसांत आकडा पुन्हा वर.

तिसरीतल्या नातीने त्याला रंगेहाथ पकडलं.

"आबा, चोर!"

"हळू बोल, बये. आजी सालटी काढेल माझी."

"पण नुसतं मीठ कशाला खाता?"

त्याने सगळं सांगून टाकलं. नात हसली नाही. तिने चार पेले मांडले. एकात नुसतं पाणी. बाकीच्यांत मीठ – चमचाभर, अर्धा चमचा, आणि शेवटच्यात चार कण.

"डोळे मिटा. ओळखा."

त्याने चारही ओळखले. शेवटचा पेला नातीने स्वतः पिऊन बघितला. "मला तर हे पाणीच लागतंय, आबा!"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कमी मिठावर राहून जीभ उलट तल्लख झाली होती. तिला जे पुरत होतं, ते चारशे जणांना अळणी लागत होतं. त्याला हायसं वाटलं, पण घटकाभरच. उद्या पातेल्यापाशी कुणाच्या जिभेवर विसंबायचं?

दुसऱ्या दिवशी त्याने भांडी घासणाऱ्या मावशींपुढे पळी धरली.

"मावशी, मीठ बघा."

"मी? इतकी वर्षं झाकणाला हात लावू दिला नाहीत. आज सूर्य कुठून उगवला?"

"बघा हो."

मावशींनी फुंकर घालून चाखलं. "अळणी. घाला आणखी मूठभर."

त्याने मूठ भरली. मावशींना दुपारची चक्कर यायची. भिंतीला टेकून त्या उभ्या राहायच्या. त्यांचा आकडा कुणी कधी घेतलाच नव्हता. बाहेरच्या चारशे जणांपैकी किती जणांचा घेतला असेल?

मूठ पातेल्यावर उघडली, पण पुरती नाही.

"आता?"

"आता कसं, जेवणासारखं लागतंय."

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला, मावशी."

"मला काय धाड भरलीय?"

बाहेर ताटांचा खणखणाट सुरू झाला. मागे राहिलेली चिमूट त्याच्या घामेजल्या मुठीत विरघळत होती, आणि त्याचे कान परत येणाऱ्या ताटांकडे लागले होते.