टाचेचे उलटे दाते

भिंगरीला भिंगरी हे नाव तिच्या पायांनीच मिळवून दिलं होतं. पण गेल्या महिन्यात शर्यतीत टेकडीच्या उतारावर तिचा पाय सुटला आणि ती बसल्या जागी थेट पायथ्याला पोचली, मागे चिखलात लांबलचक पट्टा पाडत. चढावर सगळ्यांच्या पुढे आणि शेवटी शेवटून पहिली! तेव्हापासून वर्गातल्या पोरी तिला बघून "गाडी आली, बाजूला व्हा!" असं ओरडायच्या.

खेळाच्या बाई मात्र हसल्या नाहीत. "पाय आहेत तुझ्याकडे, पकड नाही," त्या म्हणाल्या. "शर्यतीच्या संघात चौघी हव्यात, तिघी ठरल्यात. चौथी शनिवारी ठरेल, त्याच टेकडीवर. त्याआधी बुटांचं बघ."

बस्स! बुधवारी शाळा सुटली तशी भिंगरी बाबांच्या टायरच्या दुकानात जाऊन थडकली. बाबांनी हात पुसले आणि म्हणाले, "चल. बुटाचं वरचं तू बघ, खालचं मी बघतो."

बुटांच्या दुकानातल्या काकू स्वतः एके काळी डोंगरात पळायच्या. त्यांनी तीन जोड काढून ठेवले. पहिला केशरी, असला झगझगीत की भिंगरीचा जीव तिथल्या तिथे त्याच्यावर जडला आणि उड्या मारायला लागला.

"हाच! बाबा, हाच!"

बाबांनी केशरी बूट उलटा केला. तळव्यावर बारीक बारीक दाते, अगदी दाटीवाटीने. त्यांनी खिशातून एक पुडकं काढलं. त्यात ओल्या मातीचा गोळा होता! टायरची नक्षी चिखल धरते की झटकते, हे ते दुकानात असंच बघायचे.

"अहो, अहो! नव्या बुटाला चिखल?" काकू किंचाळल्या.

"बाबा!" भिंगरीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण बुटांच्या खोक्यासकट आत जावं.

शेवटी काकूंनी त्याच तीन प्रकारचे वापरून परत आलेले जुने बूट आतून आणले. बाबांनी केशरीच्या भावंडाला माती थापली आणि बूट फरशीवर आपटला. माती ढिम्म हलली नाही.

"दहा पावलांत तुझ्या पायाला गुळगुळीत पोळपाट बांधल्यासारखं होईल," बाबा म्हणाले. केशरी बाद. भिंगरीने त्याच्याकडे एकदा शेवटचं पाहून घेतलं.

दुसरा काळा. दाते छान, पण जाडजूड. घातल्यावर पाय उचलायला माणूस ठेवावा लागला असता.

तिसऱ्याचा रंग मातकट हिरवा, म्हणजे जुन्या पायपुसण्याचा. पण दाते खोल आणि सुटे सुटे. माती थापली, बूट आपटला आणि माती भसकन गळून पडली! भिंगरी बूट चढवून काकूंच्या उतरत्या फळीवर चालली. पायाची बोटं पुढे आदळली नाहीत, टाच हलली नाही.

आणि बाबांनी तोंड वाकडं केलं. "हा नको. यात खोट आहे. पुढचे दाते एका दिशेला, टाचेचे बरोब्बर उलटे. असं टायर उलटं बसवलं ना, तर गिऱ्हाईक मला फाडून खाईल."

काकू काही बोलायला गेल्या, पण भिंगरीने हात वर केला, वर्गात करते तसा. तिला तो उतार आठवला. पाय सुटला तेव्हा आधी टाच सुटली होती! डोक्यात लख्ख झालं.

"बाबा, थांबा! चाक एकाच दिशेने फिरतं. माझं पाऊल फिरत नाही, टेकतं! चढताना मी पुढच्या दात्यांनी ढकलणार, उतरताना टाच रोवणार. तुमच्या गाडीला ब्रेक वेगळा असतो, माझा ब्रेक टाचेत आहे!"

बाबा काकूंकडे बघायला लागले.

"पोरगी बरोबर सांगतेय," काकू म्हणाल्या. "उगाच नाही उलटे."

"वीस वर्षं टायर बसवतोय मी," बाबा पुटपुटले.

"मग आता एकदा मुलीचं ऐका."

बाबा लोक हरले की घसा खाकरतात. बाबांनी खाकरला आणि खोकं उचललं.

शनिवारी टेकडी म्हणजे नुसता चिखलकाला. चौथ्या जागेसाठी सहा जणी. त्यात एक लांब टांगांची पोरगी होती, सगळ्या तिला जिराफ म्हणायच्या. तिचं एक पाऊल म्हणजे इतरांची दोन. चढावर भिंगरी तिच्या खांद्याला खांदा लावून होती. माथा आला, आणि पुढे तो उतार. मेला तस्साच होता! खालून कुणीतरी ओरडलंच, "गाडी आली गं!"

"येतेच आहे!" भिंगरी ओरडली आणि टाच रोवली.

कच्च! पकडलं! दुसरी टाच, कच्च! चिखल चहूबाजूंनी उडत होता, दगड निसटत होते, आणि ती उभी होती, पळत होती, हसत होती! जिराफ बाजूची झुडपं धरत धरत उतरत होती. भिंगरी तिच्याजवळून सूं करून गेली आणि रेघ ओलांडून बाईंच्या अंगावरच धडकली.

"चौथी ठरली," बाई म्हणाल्या. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर भिंगरीचे दोन्ही पंजे उमटले होते.

"बाबा! बाबा, मी संघात!"

बाबा उताराच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते, तिच्या पावलाच्या ठशावर वाकून. एक काळं बोट पुढच्या दात्यांवरून फिरलं, मग टाचेच्या.

"बाबा, वर बघा ना!"

"वरचं ठाऊक आहे गं मला," बाबा मान न उचलता म्हणाले. "आधी हे खालचं नीट बघू दे."