सोमवारच्या टाळ्या

जिमच्या दाराशी असायचो तो जुना वजनकाटा बोलतोय. घाबरू नका, आज तुमचं वजन सांगणार नाही. जन्मभर तेच केलं आणि आता त्याचा मनापासून कंटाळा आलाय.

कारखान्यात मला जोडलं, तबकडीवर आकडे छापले आणि मी खरं बोलतो की नाही ते बघायला माझ्यावर लोखंडी वजनं ठेवली. त्यांनी श्वास रोखून धरला नाही की खिशातल्या किल्ल्या काढून बाजूला ठेवल्या नाहीत. गुपचूप बसली, मी आकडा सांगितला, उतरली. इतकी सरळ गिऱ्हाइकं मला पुन्हा भेटली नाहीत.

तिथून मी या जिममध्ये आलो. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. एका भिंतीला आरसे, समोर धावायची यंत्रं, आणि दाराजवळ पाण्याच्या मशीनला खेटून मी. माणसं यायची, बूट काढायची, घड्याळ काढायची, कुणी तर चष्मासुद्धा काढायचा आणि मग आकडा दिसत नाही म्हणून वाकून बघायचा. पोट आत ओढून काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. आकडा आवडला नाही की मला लाथ बसायची. "हा काटा बिघडलाय." आकडा आवडला तर मात्र मी कधीच बिघडलेला नसायचो.

तरी जिमची निंदा करायला मी बसलेलो नाही. आमचा जिना चढताना तीनदा थांबणारे एक आजोबा वर्षभरात नातीला कडेवर घेऊन वर येऊ लागले, हे मी दारातून पाहिलंय. रात्रभर झोप न लागणारा औषधाच्या दुकानातला माणूस इथे घाम गाळून जांभया देत घरी जायचा. लोकांचं भलं होत होतं. फक्त ते मोजायला सगळ्यांनी मला एकट्याला धरलं होतं, आणि मला तर एकच गोष्ट येते.

मालकांनी एक पद्धत पाडली होती. दर सोमवारी सकाळी दहाला सगळ्यांसमोर वजनं व्हायची. आकडा उतरला की टाळ्या. चढला की एकाएकी सगळ्यांना आपापल्या बुटांच्या नाड्या आठवायच्या. आकडा मोठ्यानं वाचायचे ते सर, म्हणजे व्यायाम शिकवणारे. ते मालकांच्या बायकोचे धाकटे भाऊ. जिममध्येसुद्धा मालकांना दाजीच म्हणायचे.

एके दिवशी ड्रायव्हरताई आल्या. शाळेची बस चालवायच्या. दिवसभर सीटवर बसून अंग सुटलेलं, गुडघे दुखणारे. पहिल्याच दिवशी हसत हसत म्हणाल्या, "माझी थोरली जाऊ मला गोदाम म्हणते. तिचं तोंड बंद करायचंय."

पहाटे बसची फेरी सुरू व्हायच्या आधी येऊन त्या चालायच्या, वाकायच्या, धापा टाकायच्या. वजन हळूहळू उतरलं, जसं उतरायला हवं तसं. मग मात्र ते भरभर उतरायला लागलं. सोमवारमागून सोमवार टाळ्या. मालक तर हरखून गेले. दाराबाहेर ताईंचे दोन फोटो लावायचं ठरलं, एक आधीचा आणि एक नंतरचा. ताईंनी युनिफॉर्म शिंप्याकडून लहान करून घेतला. "जाऊबाईंना मुद्दाम रिक्षानं आणणार आहे ते बघायला," असं त्या भेटेल त्याला सांगायच्या.

मला वैद्यकातलं काही कळत नाही. पण शेजारचं पाण्याचं मशीन गुरगुरलं की मला ऐकू येतं. ताई बाटली भरायच्या, उभ्या उभ्या रिकामी करायच्या, पुन्हा भरायच्या. व्यायाम अर्धा टाकून बाथरूमकडे जायच्या. मला हे सगळं दिसत होतं, आणि माझ्याकडे सांगायला होता फक्त आकडा.

मग शाळेत परीक्षा आल्या. बसच्या जादा फेऱ्या लागल्या आणि ताई तीन आठवडे फिरकल्या नाहीत. त्यानंतरच्या सोमवारी आल्या त्या ओढलेल्या चेहऱ्यानं, पण खुशीत. फोटोवाला कॅमेरा काढून तयारच होता. ताई माझ्यावर चढल्या आणि काटा एवढा खाली आला की मीच दचकलो. टाळ्यांचा पाऊस पडला. कुणीतरी म्हणालं, "ताई, न येता कसं उतरवलंत ते आम्हालाही शिकवा की." सगळे हसले.

सर हसले नाहीत. टाळ्या वाजवायला उचललेले हात त्यांनी तसेच खाली घेतले.

"ताई, घरी व्यायाम करत होतात?"

"कुठला व्यायाम, सर. सकाळी गाडी, दुपारी गाडी. घरी गेलं की आडवी."

"मग खाणं कमी केलंत?"

"उलट वाढलंय. सारखी भूक लागते. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

सरांनी त्यांच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. तेवढ्यात मालक पुढे आले. "अरे, उतरलंय ना? मग चौकशी कसली लावलीस? फोटोवाला खोळंबलाय."

"दाजी, हे वजन आपण उतरवलेलं नाही. फोटो काढायचा नाही."

ताईंचे डोळे भरून आले. "म्हणजे मी काही लबाडी केली म्हणता? सगळ्यांना बरं वाटलं, एका तुम्हालाच बघवत नाही?"

"तुम्ही लबाडी केली नाहीत आणि हा काटाही खोटं बोलत नाही," सर म्हणाले. "म्हणूनच भीती वाटतेय. खरं सांगा, रस्त्यावरच्या पाट्या नीट दिसतात?"

ताईंनी डोळे चोळले. "हल्ली जरा धुरकट दिसतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"आणि दुपारी गाडीत मुलं असतात."

ताई माझ्यावरून उतरल्या, बाकावर बसल्या आणि फोन काढून दुसऱ्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "दादा, आज दुपारची फेरी तुम्ही घ्याल का?" सर त्यांना समोरच्या दवाखान्यात घेऊन गेले. फोटोवाल्यानं कॅमेरा पिशवीत घातला. मालक माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी घडवून आणलंय.

साखर. रक्तातली साखर इतकी चढली होती की डॉक्टरांनी ताईंना घरीसुद्धा जाऊ दिलं नाही, तसंच इस्पितळात धाडलं. अजून थोडे दिवस असेच गेले असते तर शुद्ध हरपली असती, कदाचित हातात स्टिअरिंग असताना. सरांनी हे सगळ्यांना सांगितलं तेव्हा मला माझीच किळस आली. प्रत्येक आठवड्याला मी खरं सांगत होतो आणि त्या खऱ्यावर टाळ्या पडत होत्या.

दोनेक महिन्यांनी ताई परत आल्या. बरोबर पिशवी धरून एक उंच, करड्या केसांची बाई होती. तीच ती थोरली जाऊ. सोमवारच होता. ताई माझ्यावर चढल्या, काटा वर सरकला, आणि सवयीनं सगळ्यांच्या माना नाड्यांकडे वळल्या.

"वाढलंय," सरांनी मोठ्यानं वाचलं आणि एकट्यानंच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग एकेक करून बाकीचे. शेवटी मालकसुद्धा.

जाऊबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अजून थोडी भर गं. गोदाम रिकामं बरं दिसत नाही."

ताई इतक्या हसल्या की काटा थरथरत राहिला.

सर आता नव्या माणसाचं वजन घेतात तेव्हा झोप, तहान, भूक, सगळं विचारतात. मालकांनी टाळ्या बंद केल्या होत्या, पण हळूहळू त्या पुन्हा सुरू झाल्या. सवय माझ्या स्प्रिंगपेक्षा चिवट निघाली. माझी स्प्रिंग गेलीच. माझ्या जागी काचेचा, लुकलुकत्या आकड्यांचा नवा काटा आला आणि मी जिन्याखाली फाटक्या चटयांजवळ येऊन पडलो. खरं सांगू, सुटल्यासारखं वाटलं.

परवा ड्रायव्हरताई चटई शोधायला जिन्याखाली आल्या. मला ओळखलं. बूट, पर्स, बसच्या किल्ल्या, सगळ्यासकट माझ्यावर चढल्या. मी काहीतरी भलताच आकडा दाखवला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. उतरल्या, ओढणीनं माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "काय रे, बरा आहेस ना?"

इतकी माणसं माझ्यावर उभी राहिली. प्रत्येकानं किती, एवढंच विचारलं. कसा आहेस, हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

तुम्हीही विचारा. मला नाही विचारलंत तरी चालेल, माझं आता संपतच आलंय. सोमवारी काट्यावरून जो उतरेल, त्याला विचारा. टाळ्या वाजवायच्या आधी.