पिल्लाचं रडणं

परग्रहावरून आलेल्या त्या राक्षसाचे तीन सिनेमे होऊन गेले, आता त्याच्या बालपणाचा आला. मुलुंडच्या थिएटरच्या लॉबीत दर्शना आपल्या यूट्यूब चॅनेलसाठी माइक धरून प्रतिक्रिया घेत होती. सगळे म्हणाले, "बकवास. राक्षस खोटा वाटतो." आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे एक आजोबा तेवढे म्हणाले, "पिल्लू डरकाळी नाही फोडत, पोरी. तान्ह्या बाळासारखं रडतं. आई आली की गप्प होतं."

घरी एडिटिंगला बसली, तर प्रतिक्रियांच्या प्रत्येक क्लिपमागे तान्हं बाळ रडत होतं. "कुठली बया पोराला घेऊन आली होती," ती करवादली. मग आठवलं, सिनेमा फक्त प्रौढांसाठी होता. मुलांना दारातूनच परत पाठवत होते.

शेवटची क्लिप तिची स्वतःची होती, रिकाम्या लॉबीत एकटीने चॅनेलच्या प्रेक्षकांचा निरोप घेतानाची. त्या क्लिपमध्ये रडणं थांबलं होतं.