चढत गेलेला रस्ता

आमचं घर खचलेलं नाही, रस्ता चढलाय. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण दारात ठेचकाळलेला माणूस घरालाच नावं ठेवतो. आईनं हे घर घेतलं तेव्हा एक पायरी उतरून रस्त्यावर जावं लागे. आता पायऱ्या चढून जावं लागतं. वर्ष संपताना आमदारसाहेबांचा निधी उरला, की परत जायला नको म्हणून आमच्या गल्लीत धडधाकट फरशांवर नव्या फरशा बसतात. आधी लाल, मग राखाडी. दर वेळी फीत, फोटो आणि साहेबांच्या नावाची पाटी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! ती पाटी पाहिली की मला किळस येते.

आईला अर्धांगवायू झाला, ती व्हीलचेअरवर आली. मी शिलाई मशीनवर बसते, ती शेजारी खिडकीशी; आणि खिडकीतून आम्हाला जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या चपला दिसतात. डॉक्टर म्हणाले, व्यायामाला रोज आणा, हात सुधारेल. नेऊ कशी? खुर्ची वर चढवायला चार माणसं लागतात. दारात उतार बांधून द्या म्हणून मी साहेबांच्या कार्यालयात खेटे घातले. तिथला कारकून म्हणाला, "ताई, उतार निधीत बसत नाही. रस्ता बसतो."

आणि बसवलाच त्यांनी. पुढच्याच महिन्यात राखाडीवर पिवळ्या फरशा आल्या, आम्हाला आणखी एक पायरी वाढली.

मतदानाच्या दिवशी मात्र सकाळीच साहेबांची चार दांडगी पोरं दारात हजर. "चला आजी!" म्हणत त्यांनी आईला खुर्चीसकट अलगद वर घेतलं, थेट केंद्रापर्यंत ढकलत नेलं. कित्येक महिन्यांनी ती उन्हात आली होती. माणसांचे चेहरे बघून लहान मुलीसारखी हसत होती. माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या, पण तिच्याकडे पाहून गिळल्या.

मत देऊन बाहेर आलो तर पोरं गायब. मीच खुर्ची ढकलायला लागले. वाटेत विचारलं, "कुणाला दिलंस?"

"साहेबांना. पोरांनी एवढं उचलून आणलं, उपकाराची जाण नको?"

मी खुर्ची थांबवली. "अगं, त्यांच्याच रस्त्यामुळे तुला उचलावं लागतंय ना!"

"असू दे गं. वेळेला आली ना पोरं?"

दाराशी आलो. खाली आमचा उंबरा, वर आम्ही दोघी. आईची खुर्ची सावलीत लावून मी कोपऱ्यावर साहेबांच्या मंडपात पळाले. चौघेही जेवत होते. आईला खाली उतरवायचंय म्हटलं, तर एकानं बोटं चाटत सांगितलं, "ताई, आणायचं काम आमच्याकडं होतं. परत सोडायचं कुणी सांगितलं नाही." गरज सरो, वैद्य मरो. बाकीचे तर वर बघेनातसुद्धा.

परत आले तेव्हा सावली सरकली होती, आई भर उन्हात होती. माझ्या मागे कुणी येत नाही हे तिनं पाहिलं. ती खाली स्वतःच्या दाराकडे बघत राहिली.

मग हळूच म्हणाली, "दिलेलं मत परत मागता येतं का गं?"