छापखान्याला न दिसणारा निळा

सुनेने सकाळी नऊला लॅपटॉप माझ्या ओट्याशेजारी आणून ठेवला आणि सांगितलं, याला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. निशा आयटीत आहे, त्यामुळे घरातही सूचनाच देते.

काम माझंच होतं. मुलांच्या एका चित्रकथांच्या मासिकात मी बावीस वर्षं अक्षरं काढली. चित्रातल्या माणसांच्या तोंडाशी पांढरे फुगे असतात ना, त्यातला शब्द न् शब्द माझ्या हातचा. मासिक बंद पडलं. प्रकाशकाने मूळ पानं स्कॅन करून वेबसाईटवर चढवली आणि कागद रद्दीत घातले. आता वेबसाईटही संध्याकाळी सहाला बंद होणार होती. दोनशे चौसष्ट अंक. मी आयुष्यात काय केलं याचा तेवढाच पुरावा उरला होता, आणि तो सहानंतर उरणार नव्हता.

निशाने एक काळी खिडकी उघडली. तिच्यात बटण नाही, चित्र नाही. वेबसाईटवरची सगळी पानं लॅपटॉपवर उतरवून घ्यायची एकच ओळ तिने टाइप केली. मी म्हटलं, एवढ्यावर आठ हजार पानं येणार असतील तर मी उगाच मान मोडून घेतली. तिने एंटर दाबलं.

पानं यायला लागली. अंक पहिला, पान पहिलं. पान दुसरं. दर पानानंतर दोन सेकंद थांबायचं, नाहीतर समोरचा सर्व्हर वैतागून दार लावतो, असं निशाने सांगितलं. मटार सोलायला घेतले होते ते तसेच राहिले. माझी सगळी वर्षं खालून वर सरकत होती आणि एकही पान चुकत नव्हतं. बाराला वीज गेली, नेट बंद पडलं. वीज आल्यावर निशाने तीच ओळ पुन्हा दिली. आलेली पानं सोडून, जिथे थांबलं होतं तिथूनच ते पुढे सुरू झालं. आमच्या ऑफिसात एवढी शिस्त कुणालाच नव्हती.

मग मला राहवलं नाही. मी हात लावला, एक पान उघडलं.

वेबसाईट कडा कापून पान दाखवायची. हे पान अख्खं होतं, समासासकट, आणि समासात फिकट निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं. छापखान्याच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नसे, स्कॅनरला मात्र दिसला होता. छापून येत नसे म्हणूनच चित्रकार मकबूलभाई आणि मी एकमेकांना जे सांगायचं ते त्याच निळ्यात सांगत असू. आम्ही भेटत नसू. ऑफिसातला कचरू पानांचं पाकीट त्यांच्याकडून माझ्याकडे आणायचा आणि माझ्याकडून त्यांच्याकडे न्यायचा. माझ्या अक्षरात एका समासात होतं, ‘फुगे काढता की साबुदाणा?’ खाली त्यांचं, ‘ताई, माझी माणसं कमी बोलतात.’ हे सगळं रद्दीत गेलं असं मी धरून चालले होते. मी पानामागून पान उघडत सुटले. बावीस वर्षांचं भांडण जसंच्या तसं परत आलं होतं, आणि ते इतकं गोड होतं हे मला कधी कळलंच नव्हतं.

साडेतीनला मी निशाला म्हटलं, शेवटचा अंक नको, तो माझा नाही. एकदा माझी अक्षरं फुग्यात मावेनात, ती मकबूलभाईंच्या घोड्याच्या कानावर गेली. त्यांनी त्या अक्षरांवर पांढरा रंग फासला. मी चिडले. पुढच्या अंकाचं पाकीट न उघडता कचरूच्या हातात परत दिलं. ऑफिसने कंप्युटरवर अक्षरं छापून चिकटवली आणि त्याच अंकाने मासिक संपलं. त्याला अठरा वर्षं झाली. मकबूलभाई कात्रजला असतात. कचरूने नंबर दिला होता, मी कधी लावला नाही.

“आई, यात निवडानिवड नसते,” निशा म्हणाली. “सगळं येतं.”

आलंच. शेवटचं पान मी उघडलं. नायक माळावर एकटा चालला होता. घोडा नव्हता. वरचं अर्धं आभाळ म्हणजे एकच पांढरा फुगा, एवढा मोठा त्यांनी कधी काढला नव्हता. त्याच्या मधोमध छापील अक्षरांची बोटभर पट्टी चिकटवलेली, ‘चला घरी.’ बाकी सगळं रिकामं. आणि समासात निळं:

‘ताई, घोडा काढलाच नाही. सगळी जागा तुमची. पोटभर लिहा.’

काळ्या खिडकीत शेवटची ओळ आली आणि थांबली. पावणेचार वाजले होते, सगळं उतरलं होतं. मी फोन घेतला.

“मकबूलभाई, मी ललिता. पाकीट आत्ता उघडलं.”

पलीकडून थकलेल्या, पण समासातल्या त्याच शांत सुरात त्यांनी विचारलं, “पुरला का फुगा?”

पुरला म्हटलं. आणि खोटं कशाला सांगू, ओट्याला टेकून मी रडले.