पाळकाचं बलुतं

दशमांश म्हणजे काय, हे पाळक जानरावांनी आमच्या मंडळीला समजावलं आणि मग मंडळीने जानरावांना समजावलं. दुसरं समजावणं जास्त पक्कं झालं.

झालं असं की बाशीमच्या मिशनचा साहेब एका रविवारी अनसिंगजवळच्या आमच्या वस्तीत आला. म्हणाला, अमेरिकेत मंदी आली आहे, पाळकाचा पगार आता तिकडून येणार नाही. मंडळीने आपला पाळक आपण पोसावा. या सुगीत पोसला तर ठीक, नाहीतर देवळाला कुलूप. एवढं सांगून साहेबाने आमचं कोंबडं खाल्लं आणि मोटारीत बसून गेला. मंदी अजून त्याच्या मोटारीपर्यंत पोचली नव्हती.

जानराव घाबरले. माणूस कुणब्याच्या खात्यापित्या घरातला. येशूसाठी शेतवाडी, भाऊबंद, सगळं सोडून आलेला. हे आम्हाला ठाऊक होतं, कारण ते दर रविवारी सांगायचे. पाळकपण गेलं तर परत जायला त्यांना घर उरलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ते गरजले, "पिकाचा दहावा हिस्सा देवाचा आहे! तो खळ्यावरच बाजूला काढा."

जगदेव उभा राहिला. त्याला शास्त्रात खोड काढायची भारी हौस. "पाळकसाहेब, हे तं जुन्या करारातलं हाय. त्याच्यात डुकराचं मटण बी मना हाय. नाताळात तं आपण दोन-दोनदा वाढून घेतलं."

"देवाच्या दृष्टीने डुक्कर वेगळं, दशमांश वेगळा," पाळक म्हणाले. हे कुठे लिहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही.

मग गोजराबाई बोलली. ही विधवा बाई, वस्तीत सगळ्यांच्या आधी बाप्तिस्मा घेतलेली. तिच्याजवळ दोन बैल आणि थोडंसं वावर. "द्याले आमची ना नाही. पण वाटा घेणाऱ्यानं काम कोणतं कराचं?"

"गोजराबाई, मी तुम्हा सर्वांचा सेवक! केव्हाही हाक मारा, कोणतंही काम सांगा."

उपदेशात असं बोलायची रीत असते. पण आमच्या मुलखात खळ्यावर वाटा घेणारा म्हणजे बलुतेदार. सुतार औत भरून देतो, न्हावी डोई करतो, तेव्हा त्यांना धान्य मिळतं. आम्हीही परवापर्यंत पाटलाच्या खळ्यावर बलुतं घ्यायचो. त्याच्या बदल्यात मयताचे सांगावे पोचवायचे आणि गावाची मेलेली ढोरं ओढायची. बाप्तिस्मा झाला तसं ते काम सोडलं, बलुतंही गेलं. आता पहिल्यांदाच आमच्याच हाताखाली एक बलुतेदार आला. खोटं कशाला बोलू, आम्ही हरखून गेलो.

चंपतची सासू वारली, तर त्याने पाळकाला सांगावा घेऊन जऊळक्याला पिटाळलं. जगदेवच्या ज्वारीवर पाखरं पडली, तर पाळक गोफण घेऊन राखणीच्या माळ्यावर. गोफण काही त्यांना जमली नाही, पण ते मोठ्याने गीतं म्हणू लागले आणि पाखरं खरंच उडाली. सीताबाई, त्यांची बायको, पदर तोंडाला लावून हसायची. जानराव मात्र दात ओठ खात सगळं करत होते. सुगी हाताशी आली होती.

ऐन सुगीत गोजराबाईचा बैल मेला. अंगणातच पडला. बाई त्याच्या मानेवर हात ठेवून खूप रडली, मग डोळे पुसून तिने पाळकाला बोलावणं धाडलं. आम्हीही जमलो.

जानरावांनी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडतात तो गोजराबाई समोर दोर घेऊन उभी.

"प्रार्थना झाली. आता दोर धरा. नाल्यापाशी नेऊन पुराचा हाय."

जानराव दोन पावलं मागे सरले. इतक्या वर्षांची शुद्ध भाषा गळून पडली आणि तोंडातून गावची बोली निघाली, "म्या? अवं, हे तं तुमच्याच लोकायचं काम व्हय!"

हे वाक्य मी पाटलाच्या तोंडून हज्जारदा ऐकलं होतं, तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

"होतं," गोजराबाई म्हणाली. "ते सोडाले तं आमी येशूपाशी आलो. तुमी काय काय सोडलं ते दर रविवारी सांगता. हे सोडाचं राहूनच गेलं काय?"

जानरावांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. तिथे त्यांना देवळाचं कुलूप दिसलं असणार. त्यांनी कोट काढून सीताबाईच्या हातात दिला आणि दोर धरला. श्रद्धेने धरला की पोटासाठी, देव जाणे. मला विचाराल तर पोटासाठीच.

त्यांनी जीव खाऊन ओढलं आणि तोंडावर पडले. एकट्या माणसाने बैल हलतो थोडाच! कोणी हसलं नाही. ते उठले, मातीने माखलेलं तोंड तसंच ठेवून त्यांनी पुन्हा दोर धरला. तेव्हा गोजराबाईने त्यांच्या मागे दोराला हात लावला. मग जगदेवने, चंपतने, मीही. पाटलाचं ढोर ओढणं वेगळं आणि गोजराबाईचा बैल ओढणं वेगळं. बैल नाल्यापाशी नेऊन पुरला. त्यानंतरच्या रविवारी, आपण काय काय सोडलं ते जानरावांनी सांगितलं नाही.

गोजराबाईच्या खळ्यावर ज्वारीची रास लागली, त्या दिवशी जानराव टोपली घेऊन आले आणि खळ्याच्या बाहेर, शेताच्या बांधाजवळच थांबले. पाटलाच्या खळ्यावर आम्ही अगदी तसेच थांबायचो, आणि रास उचलून झाली की तळची मातेरं मिसळलेली ज्वारी लांबून आमच्या पदरात पडायची.

गोजराबाईने राशीच्या माथ्यावरून सूप भरलं, वर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तिथं कायले उभे राह्यले? आत या. बाहीर उभं राहाचं आमी सोडलं, आता तुमी कायले धरता?"